रत्नागिरी-सिंधुदुर्गात मनोविकारांचे उपचार: वॉर्ड, ओपीडी आणि घर एकाच टीमच्या हाती कसे आणायचे?

धागाकर्ता: खाडीपल्याड

जर्मनीत इत्सेहो या गावी २००३ मध्ये मनोविकार विभागाचा खर्च भागवायची पद्धत बदलली. दाखल पेशंटमागे रोजचे पैसे मिळणे बंद झाले आणि त्या भागातल्या सगळ्या पेशंटसाठी वर्षाची एक ठरावीक रक्कम मिळू लागली. ती वॉर्डात खर्च करा, दिवसभराच्या केंद्रात करा नाहीतर पेशंटच्या घरी जाऊन करा. खाट भरलेली ठेवण्यात फायदा उरला नाही, त्यामुळे दाखल ठेवायचे की घरी पाठवायचे हे पेशंटच्या गरजेवर ठरू लागले. २०१३ पासून तिथल्या कायद्यानेच अशा प्रयोगांना वाट करून दिली.

आपल्याकडे पैशाची रचना वेगळी आहे, ती उचलून आणता येणार नाही. त्यामागचे तत्त्व मात्र आणता येते: आजार वाढला-कमी झाला की उपचारांचे प्रमाण बदलावे, उपचार करणारी माणसे बदलू नयेत.

कोकणात नेमके उलटे होते. पेशंट रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखल होतो, बरा होऊन घरी येतो. डिस्चार्ज कार्ड कपाटात जाते. तालुक्याच्या ओपीडीत नवा केसपेपर निघतो. वाडीवरच्या आशाताईला तो दाखल होता हेच माहीत नसते. मधल्या तीन-चार आठवड्यांत गोळ्या संपतात आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. सिंधुदुर्गातले बरेच लोक गोव्यात बांबोळीच्या मनोरुग्णालयात जातात, म्हणजे राज्यच बदलते. मुंबईत उपचार चालू असलेले चाकरमानी गणपतीला गावी येतात तेव्हा त्यांची फाइल मुंबईत आणि माणूस देवगडात. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते, तालुका बदलतो, नाव यादीतून गळते. बायपोलर आजार (कधी उन्माद, कधी नैराश्य) असलेल्या बाईला सर्वांत जास्त धोका बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असतो, आणि नेमकी तेव्हाच ती कोणाच्याच यादीत नसते.

आहे त्या माणसांत हे सांधे कसे जुळवायचे, त्यावर लिहा. धोरणावर नको, कामावर लिहा.

---

मनोज्ञा

सुरुवात फळ्यापासून करा. नेदरलँड्समधल्या फॅक्ट पद्धतीचा कणा तोच आहे. तिथे एक टीम साधारण २०० पेशंट सांभाळते. त्यातले बहुतेक स्थिर असतात, त्यांना एकच ठरलेला कार्यकर्ता भेटतो. ज्यांची तब्येत घसरते आहे त्यांची नावे फळ्यावर येतात आणि त्यांच्याबद्दल रोज सकाळी सगळी टीम मिळून बोलते. सावरले की नाव उतरते. पेशंट टीम सोडून कुठेच जात नाही, फक्त फळ्यावर चढतो आणि उतरतो.

जिल्ह्यात मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे रोजची बैठक जमणार नाही. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी अर्धा तास फोनवर बोलणे जमते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातला समाजकार्यकर्ता, परिचारिका, त्या तालुक्यातले वैद्यकीय अधिकारी आणि मानसोपचारतज्ज्ञ, एवढे पुरे. फळा म्हणजे एक वही: नाव, वाडी, निदान, चालू औषध, फळ्यावर का आले, पुढे कोण काय करणार, कोणत्या तारखेला. शेवटचे दोन रकाने रिकामे राहिले तर बैठक फुकट गेली. व्हॉट्सॲप ग्रुपवर नावे टाकू नका; ग्रुपमध्ये कोण आहे, कोणाचा मोबाइल घरात कोण बघतो, यावर ताबा नसतो. नोंदणी क्रमांक पुरतो.

नाव केव्हा चढवायचे याचे नियम आधी लिहून ठेवा, नाहीतर आरडाओरडा करणाराच फळ्यावर जातो आणि गप्प बसलेला राहून जातो:

- डिस्चार्ज होऊन चार आठवडे झालेले नाहीत
- सलग दोन रात्री झोप नाही
- डेपो इंजेक्शनची (एकदा दिले की काही आठवडे पुरणारे) तारीख हुकली
- जीव द्यायची भाषा, किंवा निरवानिरव सुरू
- गरोदर, किंवा बाळंत होऊन तीन महिन्यांच्या आत
- लिथियम (बायपोलर आजारावरचे औषध) चालू आणि जुलाब-उलट्या
- औषध देणारे घरातले माणूस आजारी पडले किंवा मुंबईला गेले

शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. कोकणातल्या कित्येक घरांत पेशंट आणि सत्तरीची आई एवढीच दोघे असतात. आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेली की गोळ्या थांबल्या.

डिस्चार्जच्या दिवशी पुढची तारीख आणि पुढच्या माणसाचे नाव दोन्ही द्या. "महिन्याने या" पुरत नाही. पहिली भेट सात दिवसांत, जमल्यास घरी. आणि दाखल असतानाच त्या कार्यकर्त्याने एकदा वॉर्डात येऊन किंवा व्हिडिओवर तोंडओळख करून घ्यावी. घरी गेल्यावर अनोळखी माणूस दारात उभा राहिला तर संशयाचा आजार असलेला पेशंट त्याला आत घेईलच कशाला?

---

डोंगरवाट_सिस्टर

डेपो इंजेक्शनवर लिहिते, कारण ही साखळी तुटते ती बहुतेक वेळा इथेच.

सरकारी पुरवठ्यात मिळते ते फ्लुफेनाझिन डेकॅनोएट, २५ मिलिग्रॅम प्रति मिली. पहिला डोस १२.५ मिलिग्रॅम देऊन अंग कसे धरते ते बघतात, मग साधारण दर २ ते ४ आठवड्यांनी २५. हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट ४ आठवड्यांनी. दोन्ही तिळाच्या तेलात असतात, म्हणून तिळाची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा. तेल घट्ट असते: सुई २१ नंबरची, सिरिंज-सुई पूर्ण कोरडी. ओलावा लागला की औषध गढूळ होते. कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात खोल, कातडी एका बाजूला ओढून धरून सुई घाला, औषध सावकाश सोडा, थोडे थांबून सुई काढा, मग कातडी सोडा. म्हणजे तेल वाटेने परत येत नाही. वर चोळू नका. अँप्युल फ्रिजमध्ये ठेवायचे नाही, उजेडातही नाही.

बिघडते कुठे: इंजेक्शन देऊन पेशंटला लगेच एसटीला पाठवतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत मान वाकडी होणे, जीभ ओढली जाणे, डोळे वर चढणे असे झाले, तर घरचे घाबरून थेट भगताकडे नेतात आणि ते इंजेक्शन पुन्हा कधी घेऊ देत नाहीत. हे आधी सांगितले, आणि गावातल्या डॉक्टरकडे प्रोमेथाझिन इंजेक्शन आहे याची खात्री केली, तर अर्ध्या तासात मान सरळ होते आणि घरच्यांचा विश्वासही टिकतो. दुसरे म्हणजे आतली तगमग. माणूस एका जागी बसत नाही, पाय हलवत राहतो, येरझारा घालतो. लोक त्याला "वेड वाढलं" समजतात आणि डोस वाढवून मागतात. तो डोस कमी करायचा प्रसंग असतो. "आतून बसवत नाही का?" एवढा प्रश्न विचारला तरी फरक कळतो.

उपकेंद्रात डेपोचे वेगळे रजिस्टर ठेवा, लसीकरणाचे ठेवतो तसे. आज कोणाचे राहिले हे एका नजरेत दिसले पाहिजे. मागच्या वेळी कोणत्या बाजूला दिले तेही लिहा. तारीख आठवडाभर हुकली तर आल्या दिवशी द्या आणि फळ्यावर नाव चढवा. त्याहून जास्त लांबली तर आधी डॉक्टरांना फोन.

---

औषधपेटी

पावसाळ्याच्या साठ्याचा प्रश्न इथे काढलाच पाहिजे. जून ते सप्टेंबर साकव बुडतात, दरड कोसळते, फेरीबोट बंद राहते. गोळ्या महिन्याच्या मापाने दिल्या तर जुलैत खंड पडणार हे मे महिन्यातच दिसत असते. म्हणून मेअखेर दोन महिन्यांचा साठा द्या असे सगळे म्हणतात. स्थिर असलेल्या, रिस्पेरिडोन किंवा ओलान्झापिनवरच्या पेशंटला द्यायला हरकत नाही.

पण लिथियम आणि अमिट्रिप्टिलीन (नैराश्यावरचे जुने औषध) यांचा दोन महिन्यांचा साठा एका घरात ठेवणे म्हणजे जीव घेण्याइतके विष ठेवणे आहे. जीव द्यायचा विचार कधीही येऊन गेलेला असेल त्या घरी मोठा साठा देऊ नका. त्यांच्यासाठी साठा उपकेंद्रात, घरी एका वेळी सात दिवसांच्या पुड्या. नैराश्यासाठी एसएसआरआय गटातले औषध चालत असेल तर जास्त गोळ्या घेतल्या गेल्या तरी धोका बराच कमी, हे निवड करतानाच डॉक्टरांनी लक्षात घ्यावे.

लिथियमबद्दल कोकणापुरते सविस्तर लिहितो. स्थिर पेशंटची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असावी, १.५ च्या वर गेली की विषबाधा धरून चालायचे. नमुना रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी. नळी साधी घ्या. काही हिरव्या झाकणाच्या नळ्यांत लिथियम हेपरिन असते, त्यात रक्त घेतले तर पातळी खोटीच वाढलेली दिसते आणि चांगले चाललेले औषध बंद होते. डोस बदलल्यावर ५ ते ७ दिवसांनी पातळी, आणि दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन व थायरॉइड.

आता पातळी वर जाते कशाने ते बघा. एप्रिल-मेच्या आंबा काढणीत दिवसभर घाम. बीपी आहे म्हणून कोणीतरी सांगितले आणि मीठ एकदम तोडले. भातलावणीत पाठ धरली म्हणून गावातल्या दवाखान्यात डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन. बीपीसाठी एनालाप्रिल किंवा पाणी काढणारी गोळी. पावसाळ्यात जुलाब. आणि लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप), जो मूत्रपिंडावरच बसतो. यातली दोन कारणे एकत्र आली की हात जाडसर थरथरतात, जीभ जड होते, चाल झोकांड्या खाते. लोकांना वाटते दारू प्यायला आहे. अशा वेळी लिथियम थांबवायचे आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. अंगदुखीला पॅरासिटामॉल द्या. लिथियमवरच्या प्रत्येक पेशंटच्या खिशात मराठीत लिहिलेले कार्ड हवे: "मी लिथियम घेतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन देऊ नका."

आणखी एक. लेप्टो टाळायला भातलावणीत आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लीन देतात. कार्बामाझेपिन किंवा फेनिटोइन (फिटवरची औषधे) चालू असेल तर डॉक्सिसायक्लीन शरीरातून लवकर निघून जाते, संरक्षण कमी पडते. गोळ्या वाटणाऱ्यांनी एवढे विचारून घ्यावे.

---

वाडीवरची

सगळे बरोबर आहे, पण शेवटी प्रत्येक ओळीत "आशाने करावे" असेच निघते. आशाताईंकडे लसीकरण, बाळंतपणे, टीबी, सर्वेक्षणे आधीच आहेत. मनोविकाराची भेट पाच मिनिटांत होत नाही. शिवाय ती त्याच वाडीतली, कधी त्याच भावकीतली. घरचे तिच्यापुढे तोंड उघडत नाहीत, कारण उद्या मुलीचे लग्न जमवायचे असते.

---

मनोज्ञा

वाडीवरची ताई, हरकत रास्त आहे. आशाताईंचे काम तीन प्रश्नांपुरते ठेवा: झोप लागते का, गोळ्या उरल्यात किती, इंजेक्शन झाले का. उत्तर बिघडलेले असेल तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचे, तिथे त्यांची जबाबदारी संपली. समजावणे, समुपदेशन, घरातली भांडणे सोडवणे हे त्यांच्यावर टाकायचे नाही. आणि ज्या घराला वाडीतले माणूस नको असेल त्या घरी शेजारच्या गावचा कार्यकर्ता जाईल, हे पहिल्याच भेटीत विचारून केसपेपरवर लिहून ठेवायचे. कोणाला कळलेले चालेल आणि कोणाला नाही, हा निर्णय पेशंटचा.

---

बंदर_समुपदेशक

दारूचा विषय वेगळा ठेवू नका. "आधी दारू सोड, मग नैराश्याचे बघू" असे सांगून परत पाठवले की माणूस दोन्हीकडून जातो. एकाच टीमने एकाच वेळी दोन्ही हाताळायचे.

कोकणात दारू अचानक सुटण्याचे दोन ठरलेले प्रसंग. एक श्रावण. रोज पिणारा माणूस गटारीच्या रात्री पोटभर पितो आणि दुसऱ्या दिवसापासून थेंब घेत नाही. घरचे आनंदात असतात. शेवटच्या प्याल्यानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत भ्रम: घाम, थरथर, रात्रभर जाग, नसलेले किडे-माणसे दिसणे. हे जिवावर बेततात. घरी मात्र "देवाचं पाळलं नाही नीट" असा अर्थ लागतो. दुसरा प्रसंग बोटीवर: खलाशी समुद्रात गेला, दारू संपली, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला भास सुरू आणि बंदर लांब. ऑगस्टमध्ये मासेमारीबंदी उठून बोटी निघतात, ते दिवस श्रावणाच्या जवळच येतात. म्हणून आषाढातच तांडेल (बोटीचे प्रमुख) आणि बायकांच्या बचतगटांना सांगा की रोज पिणाऱ्याने दारू सोडायची ती डॉक्टरांना दाखवून. पूर्वी फिट आली असेल, सकाळी उठल्या उठल्या हात थरथरून दारू लागत असेल, तर दाखल करूनच. बाकीच्यांना उतरत्या मात्रेत गोळ्या, रोज एकदा पाहणे, आणि थायामिन (व्हिटॅमिन बी१). ग्लुकोजची बाटली लावायची असेल तर थायामिन तिच्या आधी. उपाशी पोटी, नुसत्या दारूवर राहिलेल्या माणसाला आधी ग्लुकोज दिले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आणि चहातून-आमटीतून नकळत डायसल्फिराम (दारू सोडवायची गोळी) देणे थांबवा. माणसाला माहीत नसताना तो वर दारू प्यायला तर बीपी कोसळून मरू शकतो. भाजीत मिसळून मनोविकाराच्या गोळ्या देणेही तसेच घराघरांत चालते. ते उघडकीला आले की जेवणात विष घालतात या संशयाला पुरावाच मिळतो. घरचे ते का करतात हे समजून घ्या, रागावू नका, आणि त्याऐवजी डेपो इंजेक्शनबद्दल पेशंटशीच बोला.

---

सडा_माळ

गुरव, भगत, देवाला कौल लावणे, याचे काय करायचे? डॉक्टर मंडळी त्यावर बोलायचे टाळतात.

---

खाडीपल्याड

टाळून चालत नाही. "तेका भायरचा कायतरी लागला" हे घरच्यांचे पहिले वाक्य असते, ते खोडून काढायला गेलो तर दुसऱ्या भेटीला येत नाहीत. गाऱ्हाणे घालू द्या, नारळ ठेवू द्या. तीन गोष्टींवर मात्र ठाम राहा: मारहाण नाही, उपास नाही, गोळ्या बंद नाहीत. तालुक्यातल्या ज्या ठिकाणी पेशंट जास्त नेतात तिथल्या माणसांना भेटून एवढे सांगा की चार रात्री झोपला नाही, अन्नपाणी सोडले, जिवाचे बरेवाईट बोलतो असा आला तर आधी ग्रामीण रुग्णालयात पाठवा. बरेच जण पाठवतात. शिमग्यात पालखीबरोबर रात्र-रात्र जागरण होते, ते बायपोलर पेशंटला उन्मादात ढकलू शकते. त्याला पालखी नाचवू नको म्हणू नका. दिवसा नाचवावी, रात्री दहाची गोळी चुकवू नये आणि सहा तास झोप घ्यावी, असे मानकऱ्यांच्या कानावर घालून ठरवता येते, पेशंटची हरकत नसेल तर.

---

वकील_कुडाळकर

कायद्याचे थोडक्यात, कारण पेशंट-घरचे दोघेही अंधारात असतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७.

कलम १८: मानसिक आरोग्यसेवा सर्व पातळ्यांवर सामान्य आरोग्यसेवेत सामील असली पाहिजे, आणि आवश्यक यादीतली औषधे सरकारी सामुदायिक केंद्रापासून, आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयापासून वर, कायम मोफत. "स्टॉक नाही, बाहेरून घ्या" असे झाले तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

कलम ५ आणि १४: बरे असतानाच पेशंट लिहून ठेवू शकतो की आजार उलटला तर कसे उपचार हवे, कसे नको, आणि आपल्या वतीने कोणी बोलायचे. नामनिर्देशित प्रतिनिधी नातेवाईकच हवा असे नाही. आणीबाणीच्या उपचारांना ही पूर्वसूचना लागू होत नाही, तेही सांगा.

कलम ८९: पेशंट स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल तर प्रतिनिधीच्या अर्जावर, दोघांनी वेगवेगळे तपासून, जास्तीत जास्त ३० दिवस दाखल. त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञच हवा, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर चालतो. कलम ९४: आणीबाणीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर उपचार सुरू करू शकतो, ७२ तासांपर्यंत, प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने. म्हणजे "मनोविकाराचा आहे, आम्ही हात लावणार नाही, रत्नागिरीला न्या" असे तालुक्याच्या ठिकाणी म्हणायचे कारण नाही. कलम ९५: साखळीने बांधणे पूर्ण बंद. घरात कोणी बांधून ठेवलेला दिसला तर घरच्यांवर आगपाखड करण्याआधी त्याच दिवशी फळ्यावर नाव घ्या; बहुतेक घरांत बांधणारे थकलेले असतात.

दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त भरत असेल तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) काढा. एसटीची सवलत लागू झाली की ओपीडीच्या खेपा चुकत नाहीत. हा उपचारांचाच भाग समजा.

---

मांडवी_तीर

क्लोझापिनचा (इतर औषधे लागू न पडलेल्या स्किझोफ्रेनियावरचे औषध, त्याने पांढऱ्या पेशी घटू शकतात) पेशंट बांबोळीहून सिंधुदुर्गात परत येतो. पुढचे रक्त कोणी बघायचे? तिकडे दर आठवड्याला जाणे झेपत नाही, म्हणून औषधच बंद होते.

---

मनोज्ञा

रक्त कुठेही काढता येते, ते वाचणारा माणूस ठरलेला हवा. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी आणि त्यांतल्या न्यूट्रोफिल्सची मोजणी, पुढे अंतर वाढते. ग्रामीण रुग्णालयात नमुना, आकडा त्याच दिवशी फोनने ज्या डॉक्टरांनी सुरू केले त्यांना. न्यूट्रोफिल्स १५०० च्या खाली गेले तर पुढची गोळी देण्याआधी बोलणे. पावसात ताप आला, घसा धरला, तर "साथ आहे" म्हणून सोडू नका, मोजणी त्याच दिवशी. सिप्रोफ्लॉक्सासिन गावात सर्रास देतात, त्याने क्लोझापिनची पातळी खूप चढते. विडी एकदम सोडली तरी चढते, म्हणजे दाखल असताना विडी बंद होती आणि घरी येऊन सुरू झाली तर तोच डोस कमी पडतो. बद्धकोष्ठ किरकोळ समजू नका, आतडे बंद पडून माणसे दगावतात. ४८ तासांहून जास्त खंड पडला तर जुना डोस एकदम सुरू करायचा नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढायचे.

पाठवणाऱ्या पत्रात या गोष्टी हव्यात: निदान, औषध, सध्याचा डोस आणि तो कधीपासून, शेवटच्या दोन मोजण्या तारखांसह, पुढची मोजणी कधी, पूर्वी कोणती औषधे लागू पडली नाहीत, आजार उलटण्याची या पेशंटमधली पहिली खूण, रात्री फोन उचलणाऱ्याचा नंबर. त्याखाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. एक प्रत पेशंटकडे, एक ग्रामीण रुग्णालयात, एक समाजकार्यकर्त्याच्या वहीत. पत्र याच कायद्याच्या कलम २५ खाली मागता येते, पण मागायची वेळ येऊ न देता डिस्चार्जच्या टेबलावरच हातात द्यावे.

---

डोंगरवाट_सिस्टर

त्यात डेपोची शेवटची तारीख आणि बाजूही लिहा. आणि पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, जुलैत कागद टिकत नाही.